पूर्ण पान वाचताना

इंग्लंडातल्या बीचमच्या औषधी गोळ्यांच्या एका डबीत 56 गोळ्या असत. जाहिरात सांगे की डबीचं खरं मोल एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग. दुकानात ती मिळे एक शिलिंग दीड पेनीला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये 'सीक्रेट रेमेडीज' हे पुस्तक काढलं. त्यात अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून आतला माल आणि त्याची किंमत छापली होती. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर कोरफडीचा आटवलेला रस (आपला काळा बोळ), सुंठ आणि साबण. अख्ख्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. चार फार्दिंगांची एक पेनी होते, म्हणजे विक्रीची किंमत मालाच्या शंभरपटीहून जास्त.

हा हिशोब फळ्यावर मांडला की वर्गात हमखास हशा पिकायचा. मी एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात आयुष्यभर नोकरी केली, आणि वृत्तपत्रविद्येच्या मुलांना जाहिरातीचा इतिहास शिकवायलाही जात असे. एकोणिसाव्या शतकातल्या अशा पेटंट, म्हणजे गुप्त औषधांचा तास हा माझा हुकमी तास. क्लार्क स्टॅन्लीचं सापाचं तेल त्यात असायचंच. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हा गृहस्थ लोकांसमोर साप चिरून तेल काढून दाखवायचा. 1917 मध्ये अमेरिकन सरकारने त्याची बाटली तपासली तेव्हा तीत खनिज तेल, किंचित चरबी, मिरची आणि टर्पेंटाइन सापडलं. सापाचा पत्ता नाही. त्याला 20 डॉलर दंड झाला. मुलं खूश, मीही खूश.

तेव्हाचं माझं मत साधं होतं: लोक भोळे होते, म्हणून लबाडांचं फावलं. हे मत मी सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्सकडून घेतलं होतं. 'कोलियर्स' साप्ताहिकात ऑक्टोबर 1905 पासून त्याने या धंद्यावर लेखमाला लिहिली आणि धंद्याची लक्तरं काढली. पत्रकारितेच्या इतिहासात तिचा मान मोठा आहे आणि तो योग्यच आहे. पण तिची सुरुवातच अमेरिकेला भोळसट ठरवून होते: हा भोळा देश वर्षाला साडेसात कोटी डॉलर असल्या औषधांवर उधळणार, असा त्याचा अंदाज. मी तो भोळेपणा उचलला आणि कितीतरी वर्षं वर्गात वाटला.

आज ते मत माझं राहिलेलं नाही. काही बाबतींत अजूनही आहे, त्याबद्दलही बोलेन.

मत बदलायला मोठं काही घडलं नाही. माझ्याकडे जाहिरातींची कात्रणं होती. पुस्तकांतून छायाचित्रं घेतलेली, छान कापलेली, एका पडद्यावर एक. नंतर जुनी अमेरिकन आणि इंग्रजी वर्तमानपत्रं संगणकावर पानंच्या पानं बघायला मिळू लागली. जाहिरात खात्यात काम केलेल्या माणसाला पूर्ण पान दिसलं की तो आपोआप डमी वाचू लागतो, म्हणजे कुठली जाहिरात कुठे, कशाच्या शेजारी, किती कॉलमांत. कात्रणात जी जाहिरात विदूषकी वाटत होती ती पानात अगदी गंभीर चेहऱ्याने बसलेली होती. वर गव्हाचे भाव, बाजूला आगगाडीचं वेळापत्रक, खाली शिवणयंत्र, त्याच्या शेजारी बेकिंग पावडर, आणि मधे रक्त शुद्ध करणारं, यकृत सुधारणारं, स्त्रियांचे सर्व विकार घालवणारं औषध. एकच टाइप, एकच शाई, एकच थाट.

त्या शिवणयंत्राचं बघा. व्हीलर अँड विल्सन या कंपनीने 1860 च्या सुमारास हातशिलाई आणि यंत्रशिलाई यांची वेळ मोजून आकडे प्रसिद्ध केले. पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटं, यंत्रावर 1 तास 16 मिनिटं. हा दावा कंपनीचाच, आपल्या मालाच्या विक्रीसाठी केलेला. त्या काळच्या गृहिणीच्या जागी बसून तो वाचला तर काय वाटेल? दिवसभराचं काम तासाभरावर आणणारी लोखंडी वस्तू, आणि वर मिनिटांपर्यंतचा हिशोब! गोळीने अपचन जातं यापेक्षा हे कितीतरी अविश्वसनीय. पण यंत्र खरंच शिवायचं. किंमत परवडेना तेव्हा सिंगर कंपनीच्या एडवर्ड क्लार्कने 1856 मध्ये हप्त्याची सोय काढली: थोडे पैसे आता, बाकीचे दरमहा. तीही जाहिरात लबाडीसारखीच वाचली जाऊ शकते, आणि तीही खरी होती.

अशी उदाहरणं त्या काळात कमी नव्हती. 1844 मध्ये तारेने निरोप गेला. 1846 मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात ईथर हुंगवून माणसाला चिरलं आणि तो ओरडला नाही. 1879 मध्ये एडिसनचा दिवा पेटला. यातली प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी कुणी सांगितली असती तर शहाण्या माणसाने थाप म्हणून उडवून लावली असती. चमत्कारावर विश्वास ठेवणारा त्या काळात वारंवार बरोबर ठरत होता आणि शंका घेणारा तोंडघशी पडत होता. ही परिस्थिती मी कधी वर्गात सांगितलीच नव्हती.

डॉक्टर स्कॉटचा 'इलेक्ट्रिक' केसांचा ब्रश हे माझं आणखी एक लाडकं कात्रण. टक्कल, डोकेदुखी, कोंडा, सगळ्यावर एक ब्रश. वीज त्यात अजिबात नव्हती, दांड्यात चुंबकीय लोखंड होतं. मुलांना हे सांगितलं की ती लोळायची. पण त्या जाहिरातीतली एक ओळ मी भराभर पुढे ढकलायचो. ब्रशाबरोबर छोटं होकायंत्र मिळायचं. ब्रश जवळ नेऊन बघा, काटा हलतो की नाही! आणि काटा हलायचा. म्हणजे ग्राहकाने पडताळा बघितला होता. आज आपण ज्याला वैज्ञानिक दृष्टी म्हणतो तीच त्याने वापरली. फक्त काटा हलण्याचा आणि केस उगवण्याचा काही संबंध नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याला भोळा म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

खरा धक्का मला डॉक्टरांनी दिला, म्हणजे त्या काळच्या खऱ्याखुऱ्या, पदवी घेतलेल्या डॉक्टरांनी. मी गृहीत धरलं होतं की एका बाजूला भोंदू औषध आणि दुसऱ्या बाजूला वैद्यकशास्त्र, आणि लोकांनी मूर्खपणे पहिलं निवडलं. पण दुसऱ्या बाजूला होतं काय? शतकाच्या पूर्वार्धात रक्त काढणं, ओकाऱ्या काढायला लावणं आणि कॅलोमेल. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार. त्याच्या जास्त मात्रेने तोंडातून लाळ गळत राहायची, हिरड्या सडायच्या, दात पडायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लष्कराचा मुख्य वैद्यकीय अधिकारी विल्यम हॅमंड याने 1863 मध्ये कॅलोमेल लष्कराच्या औषधयादीतून काढलं, तर डॉक्टरच त्याच्यावर उलटले. 1860 मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टरने मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय सभेत सांगितलं होतं की काही थोडी औषधं वगळता बाकीची सगळी समुद्रात बुडवली तर माणसांचं भलं होईल, वाईट होईल ते माशांचं. घरच्याच माणसाने दिलेला आहेर!

अशा वेळी काळा बोळ, सुंठ आणि साबण यांची गोळी घेणारा माणूस काय करत होता? पोट साफ करणारी, दात न पाडणारी गोष्ट, डॉक्टरच्या फीच्या मानाने फुटकळ पैशात घेत होता. अन्याय होता तो जाहिरातीतल्या 'सर्व रोगांवर' या दोन शब्दांत. गोळीपुरतं बोलायचं तर ग्राहकाचा व्यवहार अगदीच वेडगळ नव्हता. डॉक्टर विल्यम्सच्या गुलाबी गोळ्यांची तर गंमतच. त्यांच्या जाहिराती बातमीच्या वेषात यायच्या, अमुक गावच्या अमुक मुलीचा नाहीसा झालेला रंग परत आला वगैरे, आणि शेवटच्या परिच्छेदात गोळी निघायची. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात निर्लज्ज युक्ती. पण गोळीत लोह होतं. फिकट पडलेल्या, रक्त कमी असलेल्या मुलींना लोहाने बरं वाटणारच.

लिडिया पिंकहॅमवर मला जरा थांबलं पाहिजे, कारण माझ्या तासात मी तिला सगळ्यात जास्त वाईट वागवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची ही बाई. 1873 च्या आर्थिक मंदीत नवऱ्याचं दिवाळं निघालं, तेव्हा घरच्या चुलीवर ती जो काढा करून शेजारणींना फुकट द्यायची तो घरच्यांनी 1875 पासून बाटल्यांत भरून विकायला काढला. त्यात पाच वनस्पती, त्यांतली एक आपली मेथी, आणि सुमारे 18 ते 20 टक्के अल्कोहोल. ते केवळ अर्क टिकावा म्हणून घातलेलं, असं कंपनीचं म्हणणं. बाई स्वतः दारूबंदीची पुरस्कर्ती! एवढं सांगितलं की माझं काम व्हायचं.

तिच्या जाहिराती ओळीने वाचल्या तेव्हा वेगळंच दिसलं. 1879 पासून त्यांत तिचा स्वतःचा चेहरा आहे, केस नीट विंचरलेली, शांत नजरेची, कुणाचीही मावशी शोभेल अशी. आणि मजकुरात मासिक पाळी, अंग बाहेर येणं, बाळंतपणानंतरची दुखणी, पाळी जातानाचा त्रास यांबद्दल बोललेलं आहे, तेही जी वर्तमानपत्रं एरवी बाईच्या घोट्याचाही उल्लेख टाळत त्यांच्यात. पुरुष डॉक्टरसमोर या गोष्टी उच्चारायला बायका लाजत, आणि उच्चारल्या तर पुष्कळदा त्यावर 'नसांचा अशक्तपणा' एवढाच शिक्का बसे. पिंकहॅमबाई म्हणत, मला पत्र लिहा, पुरुषाच्या नजरेला पडणार नाही. बायकांनी ढिगांनी पत्रं लिहिली. कंपनीत ती उघडायला आणि उत्तरं द्यायला बायकाच बसवल्या होत्या. त्या उत्तरांत औषध खपवणं होतंच, पण स्वच्छतेचा, आहाराचा, विश्रांतीचा साधा सल्लाही होता. तो कुठल्या दुसऱ्या दारात मिळणार होता?

पुढची गोष्ट मात्र मी आजही तेवढ्याच रागाने सांगतो. लिडिया पिंकहॅम 1883 मध्ये वारली. जाहिराती 'श्रीमती पिंकहॅमना पत्र लिहा' असं त्यानंतर वीस-बावीस वर्षं सांगत राहिल्या. शेवटी 1905 मध्ये 'लेडीज होम जर्नल'चा संपादक एडवर्ड बॉक याने तिच्या थडग्याच्या दगडाचं छायाचित्रच छापलं, तारखेसकट. पत्र लिहिणारी बाई फसवली गेली हे खरंच. पण ती भोळी होती म्हणून नव्हे. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवू नये असं तिला त्याच छापलेल्या पानाने कधी सांगितलं नाही म्हणून.

एका ठिकाणी माझं जुनं मत अजून तसंच आहे. श्रीमती विन्स्लोचं सूदिंग सिरप. 1849 पासून विकलं जाणारं, दात येणाऱ्या बाळांना शांत करणारं. त्यात मॉर्फिन होतं. बाळ शांत व्हायचं, आणि काही बाळं कायमची. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1911 मध्ये अशा औषधांना बालघातकी म्हटलं ते अजिबात जास्त नाही. जाहिरातीतल्या चित्रात प्रसन्न आई आणि गुबगुबीत मूल. हे चित्र काढून घेणारा, त्याचा छपाईचा ब्लॉक करणारा, त्याचे पैसे मोजणारा यांच्याबद्दल मला समजूतदार होता येत नाही आणि व्हायचंही नाही.

आईबद्दल मात्र माझं मत बदललं, आणि ते बदलायला मला अमेरिकेला जावं लागलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चौकश्यांतून ते पुन्हापुन्हा नोंदलं गेलं आहे. त्या गोळीला जाहिरात नव्हती. गुबगुबीत बाळाचं चित्र नव्हतं, प्रशस्तिपत्रं नव्हती. ती बाई बहुधा अक्षरशत्रूच होती. तिच्याकडे दहा-बारा तासांची पाळी होती आणि मूल सांभाळायला कुणी नव्हतं. जाहिरात नसतानाही गोळी घरात आली, याचा अर्थ गरज जाहिरातीच्या आधी दारात उभी असते. जाहिरात फक्त तिला नाव, बाटली आणि किंमत देते. हे मला तीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर माझे तास कमी करमणुकीचे झाले असते.

मग दोष कुणाचा? विकणाऱ्याचा, हे सांगायला मी कशाला हवा. पण आणखी एक जण त्या पानावर आहे आणि मी त्याला कायम वगळलं, कारण तो माझा पोशिंदा होता: पान छापणारा.

फ्रँक चेनी नावाचा एक औषधवाला होता. 'हॉल्स कॅटार कुअर' हा त्याचा माल, आणि पेटंट औषधवाल्यांच्या संघटनेचा तो अध्यक्ष. त्याने वर्तमानपत्रांशी करायच्या जाहिरात-करारात एक कलम घातलं: तुमच्या राज्यात आमच्या औषधांना बाधक कायदा झाला तर हा करार रद्द. कलम लाल शाईत छापलेलं. औषधवाल्याला प्रत्येक वेळी संपादकाला धमकावायची गरज नाही. वर्षभराची जाहिरात जाईल एवढं मालकाला ठाऊक असलं की पुरे. बाटलीवर आतला माल छापायला लावणारं विधेयक मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात चर्चेला आलं तेव्हा 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन'चा अपवाद सोडता तिथल्या वर्तमानपत्रांनी मौन पाळलं. हे सगळं 'कोलियर्स'नेच नोव्हेंबर 1905 मध्ये मार्क सलिव्हनच्या लेखातून बाहेर काढलं. म्हणजे वाचकाला सावध करायचं काम ज्याचं होतं त्याने तोंड बंद ठेवण्याचे पैसे घेतले होते, आणि वाचकाकडून अंकाचे वेगळे.

हे प्रकरण मला माहीत होतं. तासाच्या शेवटी मी ते घाईने उरकायचो. 'लोक भोळे होते' हे मत मला इतकं प्रिय का होतं, त्याचं उत्तर इथे आहे. वाचक भोळा ठरला की छापणारा सुटतो. आमच्या विभागात आरओ (जाहिरात छापण्याची रिलीज ऑर्डर) आला, ब्लॉक आला, पैसे आले की मॅटर पानात जायचं. ते तपासलं जायचं ते कॉलम सेंटिमीटरसाठी. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'जाहिरातीतील दाव्यांशी हे दैनिक सहमत असेलच असे नाही' ही ओळ टाकली की सगळ्यांची झोप शांत. उंची वाढवणारे, साखर मुळापासून घालवणारे किती आले आणि गेले.

पुन्हा सगळं सरळ करून टाकावं असंही वाटत नाही, कारण ते सरळ नाहीच. थॉमस हॉलोवेने 1837 मध्ये लंडनमध्ये मलम विकायला सुरुवात केली. 1842 मध्ये जाहिरातींवर 5,000 पौंड खर्च करणारा हा माणूस 1883 मध्ये मेला तेव्हा तो खर्च वर्षाला 50,000 पौंडांवर गेला होता, आणि त्याच्या जाहिराती हिंदुस्थानातल्या पत्रांतही येत. त्याच पैशातून मुलींसाठी कॉलेज उभं राहिलं, 1886 मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याचं उद्घाटन केलं आणि ते आज लंडन विद्यापीठात आहे. आणि आपल्या मुंबईत 1893 मध्ये काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन काढलं. त्या पिवळ्या बामच्या पैशाने त्यांनी 1908 मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' सुरू केली, जी पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत तेलुगू वाचकांचा आवाज झाली. अमेरिकेत औषधाच्या पैशाने वर्तमानपत्रं गप्प बसवली, इथे औषधाच्या पैशाने वर्तमानपत्र बोलतं केलं. बाम कपाळाला लावला की थंड वाटतं, तेवढंच सांगून तो विकता येतो, हाही फरक आहे.

अशा औषधांबाबत 1906 चा अमेरिकन कायदा फार थोडं मागत होता. बंदी नव्हे. अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन असं काही असेल तर बाटलीवर लिहा. विन्स्लोच्या बाटलीवर मॉर्फिन छापावं लागलं, आणि पुढे कंपनीने ते औषधातून काढूनच टाकलं. खरेदी करणारी तीच आई होती, तिला फक्त एक शब्द वाचायला मिळाला.

आपल्याकडे औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा कायदा 1954 पासून आहे. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, उंची अशा यादीतल्या गोष्टींवर औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणं म्हणजे काय याची व्याख्या त्याच्या दुसऱ्या कलमात आहे, आणि तिच्यात छपाईही येते. मी नोकरीत असताना हे कलम आमच्या विभागात कुणी मोठ्याने वाचल्याचं ऐकलं नाही. आज ज्यांच्या टेबलावर आरओ येतात त्यांनी ते एकदा वाचावं. कायदा लहान आहे, चहा निवायच्या आत संपतो.